शेवटचा साबण

मामांना बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. दुकानात खुर्चीवर गिऱ्हाईक बसलं की त्यांची जीभ वस्तऱ्याच्या पुढे धावायची. कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कुणाच्या जावयाने नोकरीला लाथ मारली, सगळं त्यांना ठाऊक आणि सगळ्यावर त्यांचं मत तयार. पण रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी "कुणाला साक्ष द्यायची आहे का, प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं आहे का?" असं विचारलं की याच माणसाची दातखीळ बसायची. एकदा बायकोने कोपराने ढोसून ढोसून त्यांना उभं केलं होतं. मामा उभे राहिले, "प्रभूने माझ्या... माझ्या..." एवढं म्हणाले आणि मटकन खाली बसले. प्रभूने मामांच्या काय केलं ते मंडळीला आजतागायत कळलेलं नाही.

"गिऱ्हाइकांचं डोकं खाता तेव्हा बरे अडखळत नाही!" घरी येताना बायको म्हणाली.

"तेव्हा हातात काहीतरी असतं गं."

तिने हे हसण्यावारी नेलं, पण मामांच्या मनात ते घर करून बसलं. त्याच सुमारास पाळकसाहेबांनी पाचारणावर प्रवचन केलं. प्रभू प्रत्येकाला कामाला बोलावतो, म्हणाले. माणसाला बरं करणं फक्त डॉक्टरच्या हातात नसतं, दुखणाईताजवळ जाऊन बसणं हेही बरं करणंच. मामांनी हिशेब केला: आपल्याला प्रार्थना जमत नाही, उपदेश तर त्याहून नाही. दाढी जमते. पुढच्या रविवारी उपासना संपली तशी त्यांनी पेटी उचलली आणि सरकारी हॉस्पिटलच्या पुरुषांच्या वॉर्डात जाऊन उभे राहिले.

मोठ्या सिस्टरनी आधी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फुकटात काम करणाऱ्या माणसाचा कुणालाही संशय येतोच. मग म्हणाल्या, "करा बापडे. ज्याला कुणी नाही त्याच्यापासून सुरुवात करा." आणि कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट दाखवलं.

त्या दिवसापासून तोच शिरस्ता पडला. मामा यायचे, सिस्टर बोट दाखवायच्या, मामा त्या खाटेकडे जायचे. पेटीत वस्तरा, कोरी ब्लेडं, ब्रश, तुरटीचा खडा आणि थर्मासमध्ये कढत पाणी. दुकानात जे घाईत उरकायचं ते इथे निवांत. आधी रुमाल गरम पाण्यात बुडवून, पिळून, झटकून, स्वतःच्या मनगटावर लावून बघायचा. मग रोग्याच्या तोंडावर ठेवायचा आणि वर आपले दोन्ही तळवे. दाब द्यायचा नाही, नुसते ठेवायचे. महिनोन् महिने ज्याला सुईशिवाय कुणी हात लावलेला नाही, तो माणूस त्या रुमालाखाली हळूहळू सैल पडायचा. कुणी रडायचं. मामा बघून न बघितल्यासारखं करायचे आणि साबणाचा फेस काढत बसायचे. बोलायचे अजिबात नाहीत. इथे त्यांना बोलावंसं वाटायचंच नाही.

वॉर्डात शिरताना ते चपला दाराशी काढत. दुपारची वेळ, बहुतेक सगळे झोपलेले. बिचाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून मामा चवड्यांवर चालत जायचे. घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगायचे, "मी गेलो ना, की वॉर्ड कसा चिडीचूप असतो बघ."

अशी कित्येक वर्षं गेली. माणूस सुखात होता म्हणायला हरकत नाही, पण एक काटा होता, आणि तो काटा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ.

दोघांचे वडीलही न्हावीच. थोरल्याचा हात त्या कामाला बसला नाही, म्हणून तो सुतारकामाकडे वळला. धाकट्याने दुकान घेतलं. वडील आजारी पडले ते थोरल्याच्या घरी. एका रविवारी त्यांचा जीव घाबरा झाला आणि दादाने शेजाऱ्याकरवी वॉर्डात निरोप धाडला, लगेच ये. त्या वेळी मामांच्या पुढ्यात एक अनोळखी म्हातारा होता. एका गालावरचा साबण उतरवलेला, दुसऱ्या गालावर तसाच. मामा म्हणाले, "एवढी पुरी करतो आणि निघतो. अर्धी दाढी टाकून कसा येऊ?" त्यांनी ती पुरी केली. नेहमीच्या निगुतीने केली, हाच तर घोळ. पोचले तेव्हा वडील गेलेले होते.

दादाने दारातच सांगितलं, "जगाच्या दाढ्या करत फिर. इथे तुझं काही काम नाही." तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. दादाने चर्चही सोडलं. वहिनी वारली तेव्हा मामा जाऊन मागे उभे राहिले, दादाने मान वळवून पाहिलं नाही. पोटची मुलगी परगावी दिलेली. लाकडाचा भुसा आणि दादा, असा दोघांचा संसार उरला होता. त्या भुशानेच अखेर छाती धरली.

मोठ्या सिस्टरनी दुकानात फोन केला. "तुमचे भाऊ दाखल झालेत. त्यांनी कळवू नका म्हटलंय, म्हणून कळवतेय."

रविवार उजाडेपर्यंत मामांच्या जिवाला चैन नव्हतं. गेले. दादा खिडकीजवळच्या खाटेवर होता, कुशीवर, डोळे मिटून. दाढी वाढून जंगल झालं होतं, तिच्यात पांढरंच जास्त. मामा चवड्यांवर जवळ गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि तसेच परत फिरले. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी धीर करून पेटी दादाच्या खाटेशी टेकवली. तेवढ्यात दादाच्या पापण्या थरथरल्या आणि चादरीखालचा हात सरकवून त्याने चादर नाकापर्यंत ओढून घेतली.

झोपलेला माणूस असं करत नाही.

शेजारच्या खाटेवर एक कंडक्टर होता. साखरेच्या विकाराने पाय सडत चाललेला, तोंड मात्र ठणठणीत. तो सगळं बघत होता. त्याने मामांना बोटाने जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, राग मानू नका. कुणीतरी तुम्हाला सांगायलाच हवं. ते झोपलेले नाहीत. कुणीच झोपलेलं नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही आलात की आम्ही सगळे डोळे मिटतो. तुम्ही ज्याची दाढी करता तो आठवड्याच्या आत जातो. मी आल्यापासून तर बघतोय. वॉर्डात तुमचं नावच पडलंय."

"काय नाव?"

कंडक्टरने नजर चुकवली. "शेवटचा साबण."

मामा त्या दिवशी कुणाचीच दाढी न करता बाहेर पडले आणि सरळ मोठ्या सिस्टरांच्या टेबलापुढे उभे राहिले. सिस्टर लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे पाठवणार होते? जे बरे होणार त्यांची दाढी घरी गेल्यावर होते, त्यांना माणसं असतात. ज्यांचं काही खरं नव्हतं, जवळ कुणी नव्हतं, त्यांच्याकडे पाठवलं. निदान माणसासारखे जावेत म्हणून. माझं काय चुकलं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मामांचंही नव्हतं. आणि तरी एवढी वर्षं, दर रविवारी, खाटांवर पडलेली माणसं जीव मुठीत धरून मनात म्हणत होती, माझ्याकडे नको, माझ्याकडे नको. आणि हे महाशय त्यांची झोप मोडू नये म्हणून चवड्यांवर चालत होते! त्या चवड्यांची मामांना इतकी लाज वाटली की घरी गेल्यावर ते जेवले नाहीत.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. एरवी ती दोन टोमणे मारल्याशिवाय पाणी पीत नसे, पण आज एकही मारला नाही. म्हणाली, "अहो, मग बऱ्या होणाऱ्यांची करा आधी. एकजण दाढी करून घरी गेलेला दिसला की बाकीच्यांची भीती जाईल."

मामांनी तेही करून बघितलं. एका माणसाला त्याच दिवशी घरी सोडणार होते; कपडे करून, पिशवी भरून खाटेवर बसला होता. मामांनी विचारताच तो उठून उभा राहिला. "नको, नको. वाढलेलीच बरी दिसते मला," म्हणाला आणि मुलाची वाट न बघता जिना उतरून गेला.

त्यानंतर मामांनी वॉर्डात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. प्रभूने बोलावलं होतं की आपणच आगंतुकासारखे शिरलो होतो, हेच त्यांना कळेना. प्रार्थनेला बसले तरी मनात दुसरं काही यायचं नाही. दुकानातही त्यांचं तोंड बंद पडलं. गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मामा, तब्येत बरी आहे ना?"

तेवढ्यात सिस्टरांचा पुन्हा फोन आला.

"भावाचा श्वास कमी पडतोय. यंत्र लावलंय, पण मास्क चेहऱ्यावर घट्ट बसायला हवा. त्या दाढीमुळे बाजूने हवा निघून जातेय. दाढी काढू देत नाहीत. मी म्हटलं तरी नाही, डॉक्टरांनी दरडावलं तरी नाही. वस्तरा बघितला की हात झिडकारतात. मास्क नीट बसला तर थोडी आशा आहे. नाहीतर काही खरं नाही. तुम्ही या."

दादाला श्वास हवा होता, श्वासासाठी दाढी काढायला हवी होती, आणि या वॉर्डात दाढीला मरण चिकटवून ठेवलं होतं ते मामांनीच, आपल्या हातांनी, दर रविवारी, प्रेमाने.

ते पेटी न घेता निघाले. बायकोने दारात अडवलं, पेटी हातात दिली. "असू द्या. नाही लागली तर परत येईल," म्हणाली.

दादा उशांना टेकून बसला होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मास्क गळ्यात लोंबत होता, तो त्याने स्वतःच ओढून काढलेला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत, तेवढी ताकदच नव्हती. मामांनी पेटी खाटेखाली सरकवली आणि स्टुलावर बसले.

"दादा, मी दाढी करायला नाही आलो."

दादाची नजर खाटेखालच्या पेटीकडे गेली.

"मला ठाऊक नव्हतं रे. मला वाटायचं सगळे झोपलेत. तू दुसऱ्या कुणाकडूनही करून घे. मी निघून जातो, पुन्हा येत नाही. पण तो मास्क बसू दे. पाया पडतो तुझ्या."

मग दादा बोलला. इतक्या वर्षांनी बोलला आणि तेही तुकड्यातुकड्यांनी, मध्ये मध्ये श्वास गोळा करत.

"बाबांची दाढी... मी केली. त्या दिवशी. ते म्हणाले, धाकटा आला की करू. तू आला नाहीस. मग म्हणाले, तूच कर, असं नको जायला."

मामांना हे माहीत नव्हतं. दफनाच्या वेळी त्यांनी बाबांच्या गालावरच्या जखमा लांबून बघितल्या होत्या. पडले असतील, असं समजले होते.

"माझा हात कुठे तसला? ठिकठिकाणी कापलं. आयुष्यभर लोकांची तोंडं गुळगुळीत करणारा माणूस... रक्ताळलेल्या गालाने गेला. 'हूं' की 'चूं' केलं नाही रे त्यांनी. आणि तू इथे..."

पुढचं त्याला बोलवेना. तो म्हातारा अनोळखी होता, त्याची अर्धी झाली होती, हे सगळं खरंच होतं आणि सगळंच फोल होतं. ते फक्त म्हणाले, "हो दादा. मी यायला हवं होतं."

बहुधा एवढंच दादाला कधीपासून ऐकायचं होतं. त्याने मान मागे टाकली. डोळ्यांतून पाणी ओघळून दाढीत गेलं.

"धाकट्या, मला भीती वाटते."

"मग राहू दे."

"राहू दे काय? बाबांची राहिली... ती माझी कर."

मामांनी पेटी ओढली. रुमाल भिजवून पिळला, मनगटावर लावून बघितला, मग पुन्हा एकदा लावून बघितला. दादाचे हात चादर घट्ट धरून बसले होते. रुमाल तोंडावर पडला, वर तळवे ठेवले. दादाचा श्वास अडकला, सुटला, पुन्हा अडकला. मग हळूहळू दादाच्या मुठी उलगडल्या. मामांनी आधी कात्रीने रान कमी केलं, मग साबण, मग वस्तरा. दम लागला की थांबायचे, मास्क तोंडाशी धरायचे, पुन्हा सुरू करायचे. एकही ओरखडा उठला नाही. जंगलाखालून जो चेहरा निघाला तो थेट बाबांचा होता.

सिस्टरनी मास्क बसवला. हवा कुठूनही निघाली नाही. थोड्या वेळाने दादाच्या ओठांवरचा निळेपणा ओसरला. त्याने मामांना खुणेने जवळ बोलावलं आणि मास्क बोटाने उचलला.

"एवढी भीती वाटली आम्हाला. आणि रुमाल पडला की... भीतीच गेली रे. पण हे कोण सांगणार? ज्यांना कळलं ते सांगायला मागे उरलेच नाहीत."

"मास्क लाव आधी."

"मी सांगतो," दादा म्हणाला. "मी उरतो आणि सांगतो."

पुढचे दोन दिवस मामांनी दुकान उघडलंच नाही. दादाने दूध घेतलं, बिस्किटं खाल्ली. चर्चमध्ये तोंड न दाखवणारा हा माणूस खाटेवर बसून, मास्क वर करून, साऱ्या वॉर्डाला साक्ष देत होता. "अरे, माझी केली, मी जिवंत आहे! बघा काय ते!" सिस्टर ओरडल्या की मास्क लावायचा, त्या वळल्या की पुन्हा वर. कंडक्टरच्या तर अगदी मागे लागला होता. "तुझी करून घे. भुतासारखा दिसतोस."

"आधी तुम्ही घरी जाऊन दाखवा," कंडक्टर म्हणायचा.

"जातोच बघ. या रविवारी चालत जातो."

शनिवारी दुपारी मामा थर्मास घेऊन जिना चढत होते, तेव्हा सिस्टर वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. सकाळी दूध प्यायले, म्हणाल्या, कंडक्टरशी बोलत होते, आणि बोलता बोलता छातीच थांबली. यंत्र चालू होतं, मास्क घट्ट होता. सगळं नीट असूनही गेले.

खाटेभोवती पडदा ओढला होता. मामा आत गेले. त्यांनी सवयीने पेटी उघडली, रुमाल भिजवला, पिळला, मनगटावर लावून बघितला. मग दादाच्या गालावरून हात फिरवला आणि थांबले. गाल अजून गुळगुळीत होता. करण्यासारखं काही नव्हतंच. रुमाल तसाच हातात धरून ते खाटेच्या कडेला बसून राहिले. मुलीला कळवायला हवं होतं, पाळकसाहेबांना सांगायला हवं होतं, बायको खाली यायची होती. मामा उठले नाहीत. रडूही येत नव्हतं. बाहेर सगळा वॉर्ड होता आणि त्यांना ठाऊक होतं, आता कुणाला काही समजवायची सोय उरली नाही.

पडदा सरकला. शेजारच्या खाटेवरून कंडक्टरने हात लांब करून तो ओढला होता.

"मामा," तो म्हणाला. "दादा सांगत होते ते, रुमालाचं. खरंच तसं वाटतं का हो? भीती जाते?"

मामांनी त्याच्याकडे बघितलं. "मला काय माहीत? मी माझी माझ्या हातानेच करतो. गार पाण्याने, घाईत. माझ्या तोंडावर कधी कुणी ठेवलाच नाही."

सडका पाय दोन्ही हातांनी उचलून कंडक्टरने खाटेखाली सोडला, वेदनेने तोंड वाकडं केलं आणि हात पुढे केला. "आणा तो इकडे."

"तुला भीती वाटते ना?"

"वाटते तर! पण तोंड तुमचं आहे, मला काय होतंय?"

त्याने थर्मासमधलं पाणी रुमालावर ओतलं, बोटं भाजून घेतली, शिवी हासडली. पिळायला त्याला जमलं नाही. ठिबकणारा, चुरगळलेला रुमाल त्याने मामांच्या तोंडावर थापला आणि वर आपले आडदांड पंजे दाबून धरले. इतकं कढत होतं की मामांनी श्वास ओढला. आणि मग त्या ओल्या अंधारात, कुणी बघत नाही अशा जागी, त्यांच्या पोटातून एक मोठा हुंदका वर आला, आणि त्याच्या मागे दुसरा. बाबांचा, दादाचा, कुणाचा कोणता ते त्यांना कळलं नाही. खांदे गदगदत होते. त्यांना लाज वाटून त्यांनी रुमाल काढायला हात वर केला.

कंडक्टरने पंजे उचलले नाहीत. "रडून घ्या, मामा," तो म्हणाला. "थर्मासमध्ये अजून पाणी आहे."